आयर्लंडचे फिरस्ते: पत्रेकाम, फेरी आणि १९६३चा अहवाल

१८४०च्या दशकात बटाट्याचं पीक बुडून पडलेल्या दुष्काळात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचेच हे वंशज, असं आयर्लंडमधल्या ट्रॅव्हलर या भटक्या समाजाबद्दल पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने ते खोडून काढलं. हे लोक मूळचे आयरिशच, रोमा (जिप्सी) नव्हेत; पण बाकीच्यांपासून ते वेगळे पडले दुष्काळाच्या कितीतरी आधी.

गावाला त्यांची गरज होती ती मुख्यतः पत्रेकामासाठी. धारेची बादली, दुधाचा कॅन, चहाचा मग, सगळं कथलाचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याचं. कारागीर पत्रा कातरायचा, कडा दुमडून एकमेकींत अडकवायचा, छोट्या ऐरणीवर ठोकून सांधा बसवायचा आणि काठात तार गुंडाळायचा. तार नसेल तर भरलेल्या बादलीचा काठ वाकतो. खरं कसब मात्र डागडुजीत. भोकाभोवतीचा गंज खरवडून पत्रा चकचकीत करायचा, राळ लावायची, मग तापवलेल्या तांब्याच्या टोकाने डाख वितळवून पसरायचा. गंज राहिला तर डाख पत्र्याला धरत नाही, गोळी होऊन घरंगळतो. तांबं लालभडक तापलं तर टोकावरचं कथील जळतं आणि ते डाख उचलतच नाही. मजुरी बहुधा बटाटे, अंडी, खारवलेलं मांस किंवा घोड्याला गवत.

बायका टोपली घेऊन दारोदार जायच्या: सुया, दोरा, कंगवे, बुटांच्या नाड्या, कागदी फुलं. पायी फिरणाऱ्या फेरीवाल्याला १८७१च्या कायद्याने पोलिसांकडून वर्षाचा परवाना घ्यावा लागे. याच समाजातले जॉनी डोरन आयरिश बॅगपाइप जत्रांतून वाजवत फिरत. १९४७ साली आयरिश लोकसाहित्य आयोगाने त्यांचं ध्वनिमुद्रण केलं, म्हणूनच ते वादन आज ऐकायला मिळतं.

१९५०-६०च्या दशकांत प्लास्टिकची बादली आली आणि पत्रेकाम बसलं. ट्रॅक्टर आले, तशी शेतीच्या घोड्यांची गरज आणि त्यावर चालणारा या लोकांचा घोड्यांचा व्यापारही आटला. नेमक्या त्याच वेळी, १९६३ साली, सरकारी आयोगाने या समाजाला ‘समस्या’ ठरवलं आणि त्याला स्थायिक करून इतरांत विरघळवणं हा उपाय सांगितला. आयोगावर ट्रॅव्हलर समाजाचा एकही सदस्य नव्हता. पुढची सगळी धोरणं याच पायावर उभी राहिली, हे विसरून चालणार नाही.

१ मार्च २०१७ रोजी पंतप्रधान एन्डा केनी यांनी संसदेत त्यांना स्वतंत्र वांशिक गट म्हणून मान्यता दिली. ती मोलाची आहेच, पण तिने कायदा बदलला नाही. दुसऱ्याच्या जागेवर विनापरवानगी मुक्काम टाकला आणि त्याने जागेचं मोठं नुकसान किंवा तिच्या वापरात अडथळा होण्याची शक्यता असेल, तर २००२च्या कायद्याने तो फौजदारी गुन्हा ठरतो; पोलीस कॅरॅव्हॅन उचलून नेऊ शकतात.