जुन्या जीपचे पॉवर स्टिअरिंग : बळ नेमके कुठे जन्माला येते?

पॉवर स्टिअरिंग बसवले की चाके पंप वळवतो आणि चालकाचा हात रस्त्यापासून तुटतो, असा समज जुन्या जीपच्या शौकिनांमध्ये घट्ट रुजलेला आहे. त्याच्या जोडीला दुसरा समजही असतो : जड स्टिअरिंग हा जुन्या गाडीचा स्वभावच असून दंडात जोर असला की काम भागते. या दोन्ही समजुतींचे उत्तर स्टिअरिंग बॉक्सच्या, म्हणजे दांड्याचे फिरणे चाकांकडे पोचवणाऱ्या पेटीच्या, पोटातल्या एका बारीक पोलादी सळईत आहे. ती सळई काय करते, हे कळले की आपल्या जीपला पॉवर स्टिअरिंग लावावे की नाही आणि लावायचे तर कोणते, हे ठरवणे सोपे जाते.

उदाहरणासाठी विलीज जीप घेऊ, कारण मुंबईत महिंद्राने 1947 पासून तिची जुळणी सुरू केली आणि तिचे वंशज आजही सह्याद्रीच्या घाटवाटांवर दिसतात. या जीपचे वजन साधारण अकराशे किलो आणि टायर अरुंद. मूळ पेट्रोल इंजिनासह ही गाडी हाताने वळवणे फारसे अवघड नव्हते. अडचण पुढे वाढत गेली. अनेक जीपमध्ये पेट्रोल इंजिन काढून जड डिझेल इंजिन बसवले गेले, टायर रुंद झाले, आणि वाळूत किंवा चिखलात उतरताना टायरमधली हवा कमी करण्याची पद्धत रूढ झाली.

उभ्या गाडीचे चाक वळवताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग जागच्या जागी घासत फिरतो. त्यासाठी लागणारे पीळबल, म्हणजे फिरवणारा जोर (टॉर्क), चाकावरच्या वजनाच्या दीड घाताने वाढते आणि हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, असे प्रयोगांवर आधारलेले एक ढोबळ सूत्र अभियंते वापरतात. चाकावरचे वजन 300 किलोंचे 400 किलो झाले, तर वजनातली वाढ एक तृतीयांश असली तरी पीळबल दीडपटीच्याही थोडे वर जाते. टायरमधली हवा 30 पौंडांवरून 15 पौंडांवर आणली, तर ते आणखी 1.4 पट होते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की मूळ जीपपेक्षा दुपटीहून जास्त जोर लावावा लागतो. त्यामुळे दंडातल्या जोराची फुशारकी मूळ जीपपुरतीच खरी आहे. बदललेल्या जीपचे गणितच वेगळे आहे.

आता त्या सळईकडे वळू. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या बॉक्समध्ये स्टिअरिंगचा दांडा आणि आतला वर्म, म्हणजे आटे पाडलेला दंड, एकमेकांना थेट पक्के जोडलेले नसतात. त्यांच्यामध्ये ही सळई असते आणि तिला पीळ बसू शकतो. दांड्याच्या टोकावर उभ्या खाचांचा एक गाभा असतो, वर्मला जोडलेली तशाच खाचांची बाही त्याच्याभोवती असते, आणि या दोहोंमधल्या फटी म्हणजेच झडप. चालक स्टिअरिंगचे चाक फिरवतो तेव्हा जमिनीवरचे टायर विरोध करतात, सळई थोडीशी पिळली जाते आणि गाभा बाहीच्या मानाने जेमतेम काही अंश सरकतो. संपूर्ण यंत्रणेचे काम या सरकण्यावर चालते.

झडप मध्यावर असताना चारही वाटा सारख्याच उघड्या असतात. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाकडून आलेले तेल दोन शाखांत विभागून टाकीकडे परत जाते आणि सिलिंडरमधल्या दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब राहतो. ज्यांना बारावीतला व्हीटस्टन सेतू आठवत असेल, त्यांनी विद्युतरोधांच्या जागी या चार फटी आणि गॅल्व्हॅनोमीटरच्या जागी दट्ट्या ठेवून पाहावा. रचना तंतोतंत तीच आहे. गाभा सरकला की समोरासमोरच्या दोन फटी रुंदावतात, उरलेल्या दोन अरुंद होतात, सेतूचा तोल जातो आणि दट्ट्याच्या एका बाजूचा दाब चढतो. फटीतून ठरावीक प्रवाह ढकलायला लागणारा दाब फटीच्या क्षेत्रफळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे फट निम्मी झाली की दाब चौपट लागतो. म्हणूनच सरळ रस्त्यावर हाताच्या हलक्या स्पर्शाला जवळजवळ काहीच मदत मिळत नाही, आणि दगडात अडकलेले चाक ओढताना मदत झपाट्याने वाढते. मला या झडपेचे सर्वांत मोठे कौतुक याच गोष्टीचे वाटते : कोणताही संगणक नसताना केवळ खाचांच्या कडांच्या आकाराने किती मदत कधी द्यायची, हे ठरते.

दाब चढला की दट्ट्या सरकतो. त्याच्या अंगावरचे दाते सेक्टर शाफ्टला, म्हणजे बॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याला, फिरवतात, तिथून त्याच्या टोकावरचा पिटमन आर्म हा दांडपट्टा आणि पुढे चाके वळतात. सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला 80 किलो धरला, तर दट्ट्यावर तीन टनांहून अधिक बल येते. मात्र दट्ट्या सरकताना वर्मही फिरतो, सळईचा पीळ उलगडतो आणि झडप आपोआप मध्यावर येते. हात थांबला की मदतही थांबते. हातातला जोर हाच झडपेचा हुकूम असल्यामुळे चालकाचा हात रस्त्यापासून तुटत नाही. रस्त्याच्या विरोधातला एक ठरलेला हिस्सा त्याला सतत जाणवत राहतो. पंपाचा पट्टा तुटलाच, तर सळई थोडी पिळून दांडा यांत्रिक अटकावाला टेकतो आणि गाडी हाताने वळवता येते, अर्थात पूर्वीपेक्षा जड.

इंजिनाची ताकद पंपच खाऊन टाकतो, या तक्रारीचाही हिशेब करून पाहू. मिनिटाला 8 लिटर तेल पूर्ण दाबाने ढकलायला साधारण दीड अश्वशक्ती लागते, पण ती काही क्षणच. सरळ चालताना झडप उघडी असल्याने हा खर्च काही डझन वॉटवर येतो. झडप अशी उघडी ठेवण्याची कल्पना अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याची. 1926 मध्ये त्याने पिअर्स-ॲरो मोटारीवर आपली यंत्रणा चालवून दाखवली. तरीही विक्रीच्या मोटारीत पॉवर स्टिअरिंग यायला 1951 ची क्रायस्लर इम्पीरियल उजाडावी लागली.

हल्ली नव्या मोटारीतला विजेचा स्टिअरिंग कॉलम काढून जुन्या जीपला बसवण्याची टूम आहे. पंप नको, पाइप नकोत, गळती नाही, म्हणून त्याची भरपूर जाहिरात होते. माझा आक्षेप बळाच्या जागेला आहे. विजेची मोटर कॉलमवर, म्हणजे जुन्या बॉक्सच्या अलीकडे असते, त्यामुळे तिचा सगळा जोर त्या बॉक्समधूनच पुढे जातो. विलीजचा जुना रॉस बनावटीचा स्टिअरिंग बॉक्स उघडून पाहिला, तर कॅमच्या चरीत फिरणाऱ्या दोन निमुळत्या पिना दिसतात. गाडी बहुतेक वेळ सरळच जात असल्याने चर मधोमध सर्वांत जास्त झिजलेली असते. त्यातून आलेला प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढायला वरचा स्क्रू आवळला, की पूर्ण वळणावर बॉक्स आखडतो. अशा पिनांवर मोटरचा जादा भार टाकणे मला धोक्याचे वाटते. हायड्रॉलिक बॉक्समध्ये मोठे बल थेट दट्ट्यावर, म्हणजे दांडा आणि सळई यांच्या पलीकडे जन्माला येते. शिवाय मूळ 6 व्होल्टचा डायनामो असलेल्या जीपला 12 व्होल्टची ही मोटर पेलवतच नाही. आधी अल्टरनेटर बसवावा लागतो.

हायड्रॉलिक बॉक्सची खरी परीक्षा चासीवर होते. चाक दगडात अडकले की तेच टनांचे बल बॉक्सच्या बोल्टांवर उलटते आणि जीपची उघड्या चॅनेलची चासी तिथे पिळली जाते. चॅनेलची उघडी बाजू जाड पत्र्याने बंद केली नाही, तर बोल्टांच्या भोकांपासून तडे सुरू होतात. पुढची चाके ठरावीक वेगाला थडथडत असतील, तर त्यावरही पॉवर स्टिअरिंग हा उपाय नाही. त्याचे मूळ बेलक्रँकच्या (बॉक्सचे बळ चाकांच्या दांड्यांकडे वळवणारा तरफेसारखा भाग), किंग पिनच्या (जिच्याभोवती चाक वळते ती खीळ) बेअरिंगच्या किंवा चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडच्या झिजेत असते. अशा गाडीच्या बंपरला लिंबू-मिरची बांधून घाट उतरणारे लोक आहेत. झीज दोऱ्याने बांधली जात नाही. जॅकवर चाक उचलून दोन्ही हातांनी हलवून पाहिले, की ती पाच मिनिटांत सापडते.

कॅस्टरचा, म्हणजे किंग पिन मागे कलण्याच्या कोनाचाही विचार करावा लागतो. मूळ जीपमध्ये किंग पिन फक्त 3 अंश मागे कललेली असते आणि एवढ्या कमी कोनामुळे हाताला हलके पडते. पॉवर बॉक्समध्ये घर्षण आणि तेलाचा विरोध असल्याने वळणानंतर चाके आपसूक सरळ होण्याची ओढ मंदावते, म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांखाली पाचर घालून हा कोन थोडा वाढवतात. पण पाचर घालताना आख्खा ॲक्सल फिरतो, डिफरन्शिअलचे तोंड खाली जाते आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन बिघडतो. फोर व्हील ड्राइव्ह लावल्यावर तो आवाज करू लागतो. त्यामुळे पाचर एक-दोन अंशांची असावी, आणि बसवल्यावर जॉइंट फिरवून तपासावा.

शेवटी कायद्याची बाजू. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. 2021 मध्ये आलेली व्हिंटेज नोंदणीही 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या आणि मोठा फेरबदल न झालेल्या गाडीलाच मिळते. ती नोंदणी हवी असेल, तर चासीला वेल्डिंग करण्याआधीच आरटीओत चौकशी करावी आणि काढलेला रॉस बॉक्स, बेलक्रँक व त्यांचे बोल्ट ग्रीस लावून जपून ठेवावेत.