तत्रीज : गावाच्या खुणेपासून देशाच्या खुणेपर्यंत

पॅलेस्टाईनमधील पारंपरिक भरतकामाचा, म्हणजेच 'तत्रीज'चा, युनेस्कोने डिसेंबर २०२१ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तेव्हा एका राष्ट्राची कला म्हणून त्याची नोंद झाली. शंभर वर्षांपूर्वी मात्र ही कला देशाची नव्हे, गावाची ओळख सांगत असे.

शेतकरी घरांतल्या मुली आई-आजीकडून हे काम शिकत आणि लग्नासाठीचे 'थोब', म्हणजे पायघोळ झगे, स्वतः भरत. आपल्याकडच्या कसुतीप्रमाणेच कापडाचे धागे मोजून, परंतु मुख्यतः फुलीच्या टाक्याने, छातीवरचा चौकोन, बाह्या आणि पाठीचा खालचा भाग सजवला जाई. सरूचे झाड, तारा, ताईताचा त्रिकोण हे नमुने अनेक भागांत आढळत. तरीही त्यांची मांडणी, लाल रंगाची छटा आणि कापडाचा पोत पाहून ती बाई कुठली, हे जाणकाराला ओळखता येई. रामल्लाहच्या बायका पांढऱ्या लिननवर लाल रेशमाने भरत, तर बेथलेहेममध्ये रेशमी व जरीची दोरी कापडावर टाचून वेलबुट्टी काढली जाई.

ही परंपरा गोठलेली होती असे मात्र नाही. १९३० च्या दशकात डीएमसी या फ्रेंच कंपनीचा सुती दोरा रुळला आणि तिच्या नमुनापुस्तिकांतून गुलाब व पक्षी थोबावर उतरले. आज अस्सल म्हणून मिरवणाऱ्या काही नक्षींचे मूळ तिथे आहे.

खरी उलथापालथ १९४८ मध्ये, इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धात झाली. सात लाखांच्या आसपास लोक निर्वासित झाले, याफाजवळच्या, भरतकामासाठी नावाजलेल्या बैत दजनसह शेकडो गावे ओस पडली आणि छावण्यांत निरनिराळ्या गावांच्या बायका शेजारी-शेजारी राहू लागल्या. त्यांचे नमुने एकमेकांत मिसळले. पुढे घागऱ्यावर सहा उभ्या पट्ट्यांची सरसकट मांडणी रूढ झाली, जी कोणत्याच एका गावाची नव्हती. लेबनॉनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या 'इनाश'सारख्या संस्थांनी छावण्यांतील स्त्रियांना याच कामातून रोजगार दिला.

१९६७ नंतर इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांत पॅलेस्टिनी झेंडा मिरवण्यास बंदी होती. १९८७ मध्ये उठाव सुरू झाल्यावर स्त्रियांनी झेंड्याचे चार रंग, देशाचा नकाशा आणि जेरुसलेमचा घुमट थोबावरच भरला, पूर्वी जिथे सरूची झाडे असत त्याच जागी.