दुभत्या मेंढ्यांवरील संशोधन

दुधासाठी पाळल्या जाणाऱ्या मेंढ्यांची पैदास, दोहन व दुधाची प्रत यांचा शास्त्रीय अभ्यास. मेंढी पश्चिम आशियात साधारणपणे इ. स. पू. ९००० च्या सुमारास माणसाळली असावी. तिची धार केव्हापासून काढली जाऊ लागली याविषयी मतभेद आहेत. आरंभी जनावरे मांसासाठीच पाळली जात, दूध व लोकर यांचा वापर काही हजार वर्षांनी सुरू झाला, असे मत पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू शेरट यांनी १९८१ मध्ये मांडले. वायव्य अ‍ॅनातोलियातील (आजच्या तुर्कस्तानातील) इ. स. पू. सातव्या सहस्रकातील खापरांत दुधाच्या स्निग्धांशाचे अवशेष आढळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे हा काळ बराच मागे नेणे अधिक सयुक्तिक वाटते. ते दूध मेंढीचेच होते, असे मात्र त्यावरून ठरत नाही.

ईस्ट फ्रीजियन, लाकोन, सार्डा, आवासी या प्रमुख दुधाळ जाती. लाकोनच्या दुधापासून रॉकफोर हे फ्रेंच चीज होते. ईस्ट फ्रीजियन सर्वांत दुधाळ समजली जाते, परंतु उष्ण हवामान तिला मानवत नाही. आवासीशी तिचा संकर करून इझ्राएलमध्ये असाफ ही जात तयार झाली.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्पूनर केंद्रात १९९० च्या दशकापासून झालेल्या कामात कोकरू आईपासून केव्हा तोडावे (त्याचे अंगावरचे दूध केव्हा बंद करावे), हा प्रश्न मध्यवर्ती होता. पहिल्याच दिवशी तोडल्यास विक्रीचे दूध वाढते, पण कोकराला बाटलीने पाजावे लागते. महिनाभर आईजवळच ठेवल्यास भर दुधाचा काळ त्याच्याच पोटी जातो. मधला मार्ग असा : कोकरे रात्री वेगळी ठेवायची, सकाळी एकदा धार काढायची व दिवसभर त्यांना आईपाशी सोडायचे. यात दूध बरे मिळते, मात्र त्यात स्निग्धांश कमी भरतो. कासेतील पोकळीत साठलेले दूध यंत्राने सहज निघते. स्निग्धांशाचा मोठा भाग वरच्या, दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म कूपिकांत (पिशव्यांत) असतो आणि तो खाली येण्यास ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवावे लागते. कोकराची ओढ असलेली मेंढी यंत्राला पान्हा सोडत नाही. कोकरू तुटल्यावर स्निग्धांश पूर्ववत होतो.

मेंढीच्या दुधात घनपदार्थ सुमारे १८ टक्के, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळजवळ दीडपट असतात. साहजिकच चीजचा उतारा जास्त पडतो. दूध हंगामी असल्याने ते गोठवून साठवतात. उणे १५° से. तापमानात सुमारे सहा महिन्यांनी प्रथिने अस्थिर होऊ लागतात. उणे २७° से. तापमानात ती वर्षभर टिकल्याचे आढळले आहे.