12ए ते 12एबी : गोव्यातल्या छोट्या संस्थांच्या करसवलतीची पार्श्वभूमी

आयकरातून सूट मिळवण्याबद्दल मराठीत जे लिहिलेले सापडते, ते बहुतेक महाराष्ट्रातल्या संस्था डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. त्यात धर्मादाय आयुक्त असतात, सार्वजनिक न्यासाचा दाखला असतो, विश्वस्त बदलले की द्यायचा बदल अर्ज असतो. गोव्यातल्या वाचनालयाचा किंवा नाट्यमंडळाचा कार्यवाह हे वाचून पणजीत धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय शोधू लागला तर त्याचा दोष नाही. ते इथे नाही. 1950 चा सार्वजनिक न्यासांचा कायदा महाराष्ट्राचा, तो गोव्याला लागू नाही. इथली मंडळे 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदतात, नाहीतर विश्वस्तलेख करून तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवतात. देवळांचा कारभार आणखी वेगळा. तो अजून पोर्तुगीज राजवटीतल्या, 1933 च्या देवस्थान नियमावलीने चालतो, महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, हाती असतो आणि त्यावर मामलेदाराची देखरेख असते. त्यामुळे छोटी संस्था धर्मादाय आहे की नाही, हे गोव्यात पहिल्यांदा तपासले जाते तेच मुळी आयकर खात्यात.

आयकराचा कायदा 1961 चा, अंमल 1 एप्रिल 1962 पासून. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला, आणि हा कायदा इकडे आला 1 एप्रिल 1963 ला. सूट हवी तर आधी नोंदणी करा, ही अट 1973 पासूनची, म्हणजे कलम 12ए. तपासणीची रीतसर पद्धत 1997 मध्ये 12एए कलमाने आली. या सगळ्या काळात एक गोष्ट बदलली नाही : दाखला एकदा मिळाला की तो रद्द होईपर्यंत चाले. डिचोली-सत्तरीकडच्या मंडळांना स्वतःचे कार्यालय क्वचितच असते. कागद कार्यवाहाच्या घरी कपाटात, कार्यवाह बदलला की कपाट बदलायचे. मुदत नसलेल्या दाखल्याला ही व्यवस्था पुरत होती.

पुष्कळ मंडळे तर या वाटेला गेलीच नाहीत. वर्गणी, जत्रेतला एखादा नाट्यप्रयोग, वर्षाकाठी दोन-चार देणग्या एवढीच जमा. ती करपात्र मर्यादेखालीच राहायची. चित्र बदलले ते कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीमुळे (सीएसआर). 2014 पासून मोठ्या कंपन्यांवर हा खर्च बंधनकारक झाला, आणि एप्रिल 2021 पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-1 अर्ज भरणे भाग पडले. त्यासाठी न्यास आणि संस्थांकडे 12ए ची नोंदणी आणि देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी 80जी ची मान्यता, दोन्ही लागतात. ज्यांना कर भरायचाच नव्हता, त्यांनाही करसूट लागू लागली.

नेमक्या त्याच वेळी जुनी व्यवस्था मोडली. 2020 च्या वित्त कायद्याने 12एबी आणले, ते 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. कायमची नोंदणी संपली. जुन्या संस्थांनी नव्याने अर्ज करायचा आणि पाच वर्षांचा दाखला घ्यायचा. नव्यांना आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी, मग नियमित. बंद पडलेल्या, नावापुरत्या संस्था गाळायच्या हा हेतू योग्यच होता. पण त्याचा भार पडला तो चालू असलेल्या, पगारी माणूस नसलेल्या संस्थांवर. जुन्यांसाठीची 30 जून 2021 ही मुदत पुन्हा पुन्हा वाढवत शेवटी 30 जून 2024 पर्यंत न्यावी लागली. नियम किती जणांपर्यंत वेळेत पोचला नव्हता, हे यावरून कळते.

सगळ्यात मोठा गुंता मात्र एका शब्दप्रयोगाने केला : ‘उपक्रम सुरू होणे’. नियमित नोंदणीचा अर्ज कधी करायचा? तात्पुरती नोंदणी संपण्याच्या किमान सहा महिने आधी, किंवा उपक्रम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा. आजच स्थापन झालेल्या संस्थेला हे जमते. पण समजा, सत्तरीतले एक वाचनालय 1995 पासून चालू आहे आणि त्याने पहिला अर्ज 2022 मध्ये केला. त्याचे उपक्रम सुरू झाले 1995 मध्ये. मग सहा महिने तेव्हाच उलटले? अक्षरशः वाचले तर होय. 80जी च्या बाबतीत असे अर्ज मुदतबाह्य ठरवून फेटाळलेही गेले. अपिलात अनेक न्यायाधिकरणांनी सरळ अर्थ लावला : उपक्रमांची सुरुवात मोजायची ती तात्पुरती मान्यता मिळाल्यानंतरची, आधीपासून राबणाऱ्या संस्थेला त्या राबण्याचीच शिक्षा देता येत नाही. मला हाच अर्थ न्याय्य वाटतो. पण अपील म्हणजे वकील, वर्षभराची वाट, आणि तोवर देणगीदाराला दाखवायला पावतीवर क्रमांक नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून, आधीच उपक्रम सुरू असलेल्या आणि पूर्वी सूट न घेतलेल्या संस्थांना थेट नियमित नोंदणीचा मार्ग मोकळा झाला. कायदा करतानाच हे लिहिले असते तर दोन-अडीच वर्षांची फरफट वाचली असती.

गोव्यात आणखी एक खाच आहे, तिची चर्चा कमी होते. इथल्या बऱ्याच संस्था ज्ञातीच्या किंवा देवस्थानाच्या आधाराने उभ्या राहिल्या. एकाच ज्ञातीतल्या मुलांना शिष्यवृत्ती, असा उद्देश घटनेत असला की एकाच धर्माच्या किंवा ज्ञातीच्या लाभासाठीच्या संस्थेला सूट नाकारणारे कलम 13 आडवे येते. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच्या संस्थांना त्यातून वगळले आहे. धार्मिक खर्च उत्पन्नाच्या 5 टक्क्यांवर गेला तर 80जी ला अडचण येते. मंडळ भजनी सप्ताहही करते आणि वाचनालयही चालवते, तेव्हा दोन्हींचे हिशेब पहिल्यापासून वेगळे ठेवावे लागतात.

पुढचे बदल भराभर आले. 1 ऑक्टोबर 2024 पासून उशिराच्या अर्जाला कारण पटल्यास माफी देण्याचा अधिकार आयकर आयुक्तांना मिळाला. 2021 मध्ये ज्यांनी पाच वर्षांची नोंदणी घेतली त्यांची मुदत 31 मार्च 2026 ची, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज 30 सप्टेंबर 2025 पर्यंत करायचा होता. 2025 च्या वित्त कायद्याने, आधीच्या दोन्ही वर्षांत सूट धरण्यापूर्वीचे उत्पन्न 5 कोटींपर्यंत असलेल्या संस्थांना दहा वर्षांची नोंदणी देऊ केली. गोव्यातली बहुतेक मंडळे या मर्यादेच्या खूप खाली आहेत. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांकही बदलले, आणि अशा संस्थांच्या तरतुदी एका जागी आल्या. ही दहा वर्षे 80जी ला मात्र मिळाली नाहीत. देणगीदाराला वजावट देणारी ती मान्यता पाचच वर्षांची राहिली, त्यामुळे एकाच कपाटातल्या दोन दाखल्यांच्या मुदती आता वेगवेगळ्या वर्षी संपतील.