आयफोनवरील जीमेल पुश

जीमेलवर आलेला संदेश आयफोनच्या मूळ मेल अ‍ॅपमध्ये त्याच क्षणी पोहोचवणारी सोय. २००९ ते २०१३ या काळात ती ‘गूगल सिंक’ या मोफत सेवेतून कोणालाही मिळत असे. टपाल गूगलचे, फोन अ‍ॅपलचा आणि दोघांना जोडणारा प्रोटोकॉल (यंत्रांनी आपसात बोलण्याची ठरलेली पद्धत) मायक्रोसॉफ्टचा, असा हा तीन प्रतिस्पर्ध्यांमधला मामला होता. म्हणूनच तिच्या इतिहासात अभियांत्रिकीइतकेच परवाने आणि व्यापारी डावपेच येतात.

फोनवर ईमेल दोन रीतींनी येते. पहिल्या रीतीत, म्हणजे ‘फेच’मध्ये, फोन ठरावीक वेळाने सर्व्हरकडे चौकशी करतो. दर १५ मिनिटांनी चौकशी ठेवली तर दिवसाला ९६ फेऱ्या होतात. त्यातल्या बऱ्याच रिकाम्या जातात, पण प्रत्येक फेरीला फोनचा रेडिओ जागा होतो आणि बॅटरी खर्ची पडते. शिवाय दहा मिनिटांत बाद होणारा पडताळणी कोड फेच होईपर्यंत निरुपयोगी झालेला असू शकतो. दुसऱ्या रीतीत, म्हणजे ‘पुश’मध्ये, फोन वाट पाहतो आणि टपाल आले की सर्व्हरच कळवतो. ब्लॅकबेरीने १९९९पासून याच सोयीवर आपला धंदा उभा केला. मात्र त्यासाठी टपाल कंपनीच्या स्वतःच्या केंद्रातून जावे लागे.

सर्व्हरवरचे टपाल वाचण्यासाठीच्या आयमॅप या खुल्या प्रोटोकॉलमध्येही जवळपास पुशसारखी तरतूद आहे. जून १९९७च्या आरएफसी २१७७ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजातली ‘आयडल’ ही आज्ञा दिली की सर्व्हर जोडणी उघडी ठेवतो आणि नवे टपाल आल्याबरोबर त्यावरून सांगतो. जोडणी तुटू नये म्हणून दर २९ मिनिटांच्या आत ती आज्ञा पुन्हा द्यावी, अशी सूचना त्याच दस्तऐवजात आहे. टेबलावरच्या संगणकाला हे सहज जमते. फोनमध्ये मात्र पडद्याआड गेलेल्या अ‍ॅपला झोपवले जाते आणि उघडी जोडणी राखायची कोणी, हा प्रश्न उरतो. जीमेलने २००७मध्ये आयमॅप दिले, त्यात आयडलही आहे. आयफोनच्या मेल अ‍ॅपने मात्र त्याचा आधार घेतला नाही. त्यामुळे आयमॅपने जोडलेले जीमेल आयफोनवर फेचच होत राहिले.

अ‍ॅपलला पुशचे वावडे होते असे नाही. २००७मध्ये पहिला आयफोन आला तेव्हाच याहू मेलला पुश मिळाले होते. कोणत्या सेवेला ही वाट खुली करायची, हे अ‍ॅपलच्या हातात होते, एवढेच.

वाट निघाली ती तिसऱ्याच दिशेने. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज या आपल्या ऑफिस-टपालाच्या सर्व्हरसाठी अ‍ॅक्टिव्हसिंक हा प्रोटोकॉल बनवला होता आणि २००५मध्ये त्यात ‘डायरेक्ट पुश’ आणले. त्याची रचना चतुर आहे. फोन सर्व्हरकडे वेबपान मागवताना वापरतात तशी साधी एचटीटीपीएस विनंती पाठवतो, पण सर्व्हर तिचे उत्तर लगेच देत नाही. मुद्दाम रोखून धरतो. दरम्यान टपाल आले तर ‘अमुक फोल्डरमध्ये बदल झाला’ एवढेच उत्तर जाते, मग फोन पुढची विचारणा करून संदेश उतरवून घेतो. काहीच आले नाही तर ठरलेल्या मुदतीनंतर ‘बदल नाही’ असे उत्तर येते आणि फोन पुन्हा तशीच विनंती लावून बसतो. मुदत जितकी लांब तितकी बॅटरीची बचत. फार लांब ठेवली तर मोबाइल नेटवर्क ती निष्क्रिय जोडणी परस्पर तोडते. वेगळी वाहिनी नको, मध्ये कोणाचे केंद्र नको.

अ‍ॅपलने या प्रोटोकॉलचा परवाना घेतला आणि जुलै २००८मधल्या आयफोन ओएस २.०मध्ये तो आला. ब्लॅकबेरीकडची कंपनी गिऱ्हाइके खेचणे हा त्यामागचा उघड हेतू होता. मग गूगलनेही परवाना घेतला. फेब्रुवारी २००९मध्ये गूगल सिंक सुरू झाले ते फक्त संपर्क आणि कॅलेंडरसाठी. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्यात जीमेल आले. आयफोनच्या दृष्टीने गूगलचा सर्व्हर म्हणजे आणखी एक एक्स्चेंज सर्व्हर.

म्हणून जोडणी करताना थोडी फसवाफसवी करावी लागे. खात्यांच्या यादीत ठळक ‘जीमेल’ दिसत असले तरी ते सोडून ‘मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज’ निवडायचे. डोमेनचा रकाना कोरा, वापरकर्त्याच्या नावाच्या जागी पूर्ण जीमेल पत्ता, सर्व्हर म्हणून ‘एम.गूगल.कॉम’ आणि एसएसएल (सुरक्षित जोडणी) चालू. मेल, संपर्क व कॅलेंडर यांची बटणे चालू केल्यावर फोन विचारी की आधीचे संपर्क ठेवायचे की काढून टाकायचे. या प्रश्नावर घाईने बोट ठेवणे महागात पडू शकत असे. म्हणून आधी संपर्कांची प्रत काढून ठेवणे शहाणपणाचे. ‘जीमेल’ हा सोपा दिसणारा पर्याय निवडणाऱ्याला मात्र आयमॅप मिळे, आणि आयमॅप म्हणजे फेच.

उणिवा होत्याच. २०१०मध्ये आयओएस ४ येईपर्यंत एका फोनवर एकच एक्स्चेंज खाते चाले. ज्याचे ऑफिसचे टपाल एक्स्चेंजवर, त्याला दोहोंपैकी एकावर पाणी सोडावे लागे. जीमेलची लेबले फोल्डरांच्या साच्यात बसवताना ओढाताण होई. अ‍ॅक्टिव्हसिंकमध्ये सर्व्हर चालवणाऱ्याला फोनवर पासकोडची सक्ती करता येते आणि दूरवरून फोन पुसूनही टाकता येतो. ऑफिसच्या खात्याबाबत हे समजण्यासारखे आहे. पण फोन स्वतःच्या पैशाने घेतलेला असला तरी तो अधिकार दिला जातो, याकडे खाते जोडताना फारसे कोणी लक्ष देत नाही.

याच सुमारास पेटंटच्या भांडणातून पुशची दुसरी बाजू दिसली. फोन बनवणाऱ्या मोटोरोला मोबिलिटीने जर्मनीतील मानहाइमच्या न्यायालयात अ‍ॅपलविरुद्ध निकाल मिळवला आणि फेब्रुवारी २०१२मध्ये अ‍ॅपलला जर्मनीत आयक्लाउड या आपल्या सेवेच्या ईमेलचे पुश बंद करावे लागले. तिथल्या वापरकर्त्यांना दीड वर्षाहून अधिक काळ फेचवर भागवावे लागले. २०१३मध्ये पुश परतले. मोटोरोला तेव्हा गूगलच्या मालकीकडे निघाली होती आणि मे २०१२मध्ये ती खरेदी पुरी झाली. म्हणजे अ‍ॅपलच्या फोनवर जर्मनीत अ‍ॅपलच्याच मेलला पुश नाही, अशी विचित्र अवस्था झाली होती.

१४ डिसेंबर २०१२ रोजी गूगलने जाहीर केले की ३० जानेवारी २०१३पासून मोफत खात्यांना गूगल सिंकने नवे उपकरण जोडता येणार नाही. आधीच्या जोडण्या चालू राहिल्या, पैसे भरणाऱ्या संस्थांचीही सोय तेव्हा कायम राहिली. बाकीच्यांनी टपालासाठी आयमॅप, कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह आणि संपर्कांसाठी कार्डडॅव्ह हे खुले प्रोटोकॉल वापरावेत, असा सल्ला होता. सल्ला तत्त्वाला धरून असला तरी आयफोनधारकाच्या हातातले पुश त्याने गेले. सर्वांत मोठी पंचाईत विंडोज फोनची झाली. मायक्रोसॉफ्टचाच फोन, मायक्रोसॉफ्टचाच प्रोटोकॉल, तरी त्याला खुल्या प्रोटोकॉलांची तयारी करावी लागली. त्यासाठी गूगलने मायक्रोसॉफ्टला ३१ जुलै २०१३पर्यंत मुदत दिली. फोन बदलणाऱ्या किंवा रीसेट करणाऱ्या आयफोनधारकाची जुनी जोडणी तुटली की ती पुन्हा जोडता येत नसे.

गूगलचा पर्याय म्हणजे स्वतःचे जीमेल अ‍ॅप. ते २ नोव्हेंबर २०११ रोजी आले आणि सूचनांमधल्याच बिघाडामुळे त्याच दिवशी मागे घेतले गेले. दोन आठवड्यांनी दुरुस्त होऊन परतले. अ‍ॅप झोपलेले असले तरी त्याला टपालाची खबर मिळते ती अ‍ॅपलच्या २००९पासूनच्या सूचना-सेवेतून. फोन अ‍ॅपलच्या सर्व्हरशी सर्व अ‍ॅपसाठी मिळून एकच जोडणी राखतो आणि गूगल आपली सूचना त्या सर्व्हरच्या हवाली करते. आयफोनवर पुशची अडचण सुटली, फक्त मूळ मेल अ‍ॅप सोडून गूगलच्या दारात जावे लागले. त्यातही २०२०मध्ये आयओएस १४ येईपर्यंत पत्त्याच्या दुव्यावर बोट ठेवले की अ‍ॅपलचेच मेल उघडे.

मूळ मेल अ‍ॅपला बाहेरच्या सेवेचे पुश देता येतच नाही, असे मात्र नाही. २०१५मध्ये फास्टमेल या छोट्या सेवेला अ‍ॅपलने आपली पुश यंत्रणा वापरू दिली आणि तिथे आयमॅप खात्यालाही क्षणात टपाल येऊ लागले. आउटलुकचे आयफोन अ‍ॅप आणखी वेगळी वाट घेते: मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर जीमेलमधून टपाल आणतात आणि तिथून फोनला सूचना जाते. सोय चांगली, पण टपालाची प्रत तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रावरून फिरते. जीमेलमधून आयक्लाउडच्या पत्त्यावर सगळे टपाल परस्पर पुढे पाठवण्याची युक्तीही चालते. मात्र नीट मांडणी केली नाही तर उत्तर चुकीच्या पत्त्यावरून जाते.

मूळ मेल अ‍ॅपमध्ये मोफत जीमेल खात्याला आजही फेचच मिळते. सेटिंग्जमधल्या ‘फेच न्यू डेटा’ या पानावर आयक्लाउडसमोर ‘पुश’ लिहिलेले असते, जीमेलसमोर ‘फेच’. त्याखाली १५ मिनिटे, ३० मिनिटे, दर तासाला, हाताने असे पर्याय येतात. आयओएस ११पासून त्यात ‘ऑटोमॅटिकली’ची भर पडली, तो निवडला तर फोन चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच पडद्याआडून टपाल आणतो.