बांगडा बाधतो की बांगड्यातली अळी?

"मला बांगडा बाधतो" असं म्हणणारं माणूस दादर-गिरगावच्या मासे खाणाऱ्या घरांत हमखास सापडतं. जेवण झाल्यावर तासाभरात अंगावर गांधी उठतात, कोणीतरी आमसुलाचं पाणी चोळायला देतं आणि "पित्त उठलं" म्हणून विषय मिटतो. पण या एका "बाधतो"खाली तीन वेगळी कारणं एकत्र कोंबली गेली आहेत. त्यांची गल्लत महागात पडते, म्हणून ती आधी सोडवायला हवीत.

पहिलं कारण मासाच. त्याच्या स्नायूतल्या प्रथिनाची ॲलर्जी. ही खरी माशाची ॲलर्जी, आणि ती असेल तर बहुतेकदा एकापेक्षा अनेक मासे सोडावे लागतात. दुसरं कारण ॲलर्जीच नव्हे. बर्फाशिवाय पडून राहिलेल्या बांगड्यात किंवा कुप्यात जीवाणू हिस्टामाइन नावाचं, अंगावर गांधी उठवणारं रसायन तयार करतात. ते तळून, उकळून जात नाही आणि पंगतीतल्या अनेकांना एकदम त्रास देऊ शकतं. पुढच्या वेळी ताजा मासा खाल्ला तर काहीच होत नाही. तिसरं कारण ॲनिसाकिस नावाच्या कृमीची अळी. मासा साफ करताना काळजावर किंवा पोटाच्या पडद्यावर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळं घातलेली पांढुरकी, दोन-तीन सेंटिमीटरची दोरी दिसते, ती हीच असू शकते. मासा मेल्यावर काही अळ्या पोटातून मांसात सरकतात, म्हणून पोट लवकर काढलेलं बरं.

या अळीची कथा सुरू झाली ती पोटदुखीपासून. कच्चा, हलका खारवलेला हेरिंग मासा खाणाऱ्या डच रुग्णांच्या आतड्यात ती सापडल्याचं 1960 साली तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं आणि 1968 साली त्या देशात हेरिंग गोठवणं सक्तीचं झालं. ॲलर्जीचा धागा मात्र 1990 साली जपानमध्ये स्पष्ट दिसला. आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा खाऊन गांधी उठणाऱ्या रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्यांचं शरीर माशाविरुद्ध नव्हे, तर अळीविरुद्ध पेटलेलं निघालं. पुढच्या दशकात स्पेनमध्ये मासे खाल्ल्यावर जीवघेणा ॲलर्जीचा झटका पुन्हा पुन्हा येणारे रुग्ण समोर आले. तिथे व्हिनेगरमधली कच्ची मांदेलीसारखी मासळी आवडीनं खातात आणि व्हिनेगरनं अळी मरत नाही. कच्ची वाढायची मासळी आधी गोठवण्याचा नियम तिथे 2006 साली आला.

खरा वाद यानंतरचा, आणि मुंबईला लागू पडतो तोही हाच. युरोपातल्या तज्ज्ञांच्या मंडळानं 2010 साली म्हटलं की ॲलर्जीची सुरुवात जिवंत अळी पोटात गेल्यानंच होते. तसं असेल तर अळी मारली की काम झालं: उणे 20 अंशांवर 24 तास, किंवा आतपर्यंत 60 अंश तापेल असा शिजवलेला मासा. मग तळलेला बांगडा आणि कालवण खाणाऱ्या आपल्याला चिंता उरत नाही. काही रुग्णांना मेलेल्या अळ्या मुद्दाम खायला दिल्या तेव्हा त्यांना त्रास झाला नाही, हा या बाजूचा भक्कम पुरावा. पण अळीची काही प्रथिनं उष्णतेला दाद देत नाहीत, आणि शिजवलेला, डबाबंद मासा खाऊन झटका आलेल्यांच्या नोंदीही आहेत. माझ्या मते त्या नोंदींना फार कमी वजन मिळालं. गोठवण्यानं अळी मरते. प्रथिन तिथेच राहतं.

ही बाब खाण्यापुरतीही उरलेली नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या मासळी कारखान्यांतल्या कामगारांची तपासणी 2006 च्या सुमारास प्रसिद्ध झाली. त्यात माशापेक्षा अळीविरुद्ध प्रतिक्रिया देणारे जास्त होते. ससून डॉकवर पहाटेपासून ओल्या फरशीवर मासळी निवडणाऱ्या बायका मला हे वाचताना सारख्या डोळ्यांपुढे आल्या.

निदान सोपं नाही, हेही सांगायला हवं. अळीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन कोळंबीत आणि घरातल्या धुळीच्या सूक्ष्म किड्यांतही असतं. मुंबईच्या दमट हवेत ते किडे गादीगादीत असतात, त्यामुळे रक्तातली ॲनिसाकिसची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून दोष अळीचाच, असं ठरत नाही. चाचणी निगेटिव्ह आली तर मात्र अळीवरचा संशय बराच मागे पडतो. आपल्या लेबलांच्या 2020 च्या नियमांत मासा आणि कोळंबीवर्ग ॲलर्जीकारक म्हणून लिहिणं बंधनकारक आहे. त्या यादीत ही अळी नाही.