घरगुती बुरशी व आर्द्रता नियंत्रण

घरातील भिंती, कपडे, चामडे, पुस्तके, लाकूड इत्यादींवर दमट हवेत उगवणाऱ्या कवकांना आळा घालण्यासाठी हवेतील बाष्प मर्यादेत ठेवण्याची पद्धती. बोलीत या वाढीला बुरशी किंवा बुरा म्हणतात. पिकांवरील भुरी व केवडा या रोगांचे कारक जीव निराळे असून त्यांचा येथे विचार केलेला नाही. घरात मुख्यतः क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम व ॲस्परजिलस या प्रजातींतील कवके आढळतात. त्यांची बीजुके (ज्यांपासून नवी बुरशी उगवते ते सूक्ष्म कण) हवेत सर्वत्र असल्याने ती हटविणे व्यवहार्य नसते. म्हणून प्रतिबंधाचा सारा भर पाणी तोडण्यावर असतो.

बुरशी धरण्यास किती आर्द्रता लागते, याविषयी आकडे एकसारखे नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या शिफारशीनुसार घरातील सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेल्या बाष्पाचे प्रमाण) ६० टक्क्यांखाली, शक्यतो ३० ते ५० टक्के असावी. युरोपीय बांधकामशास्त्रात पृष्ठभागालगतच्या हवेचा विचार करतात. तेथील आर्द्रतेची मासिक सरासरी ८० टक्क्यांच्या आत असावी, हा निकष १९९० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या एका प्रकल्पातून रूढ झाला. थंड भिंतीला टेकलेली हवा खोलीच्या मध्यातील हवेपेक्षा अधिक दमट असते, हे ध्यानात घेतले की दोन्ही आकड्यांतील विरोध बराच मावळतो. दुसरा निकष मूळ कारणाच्या अधिक जवळचा वाटतो. मात्र ॲस्परजिलस ग्लॉकस गटातील शुष्कताप्रिय जाती ७५ टक्क्यांच्या आसपासही वाढू शकतात. चामडी पट्टे व वहाणा यांच्या बाबतीत ८० ची मर्यादा सैलच ठरते. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला ओलावा ओढून विरघळू लागते, तेव्हा उघड्या वाटीतील मिठाला पाणी सुटणे ही धोक्याची बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे. खडेमिठात मॅग्नेशियम क्लोराइड असते व ते याच्या कितीतरी आधी पाझरते. त्यावरून अनुमान काढू नये.

वातानुकूलनाचा उगम आर्द्रतेच्या प्रश्नातून झाला, याविषयी फारसा वाद नाही. पहिला मान कोणाचा, याविषयी आहे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागातील सॅकेट–विल्हेल्म्स छापखान्यात दमट हवेने कागद फुगत असे आणि एकावर एक छापायचे रंग सरकत. त्यावर विलिस कॅरियर यांनी तयार केलेल्या आराखड्यांची तारीख १७ जुलै १९०२ अशी दिली जाते. ५५ टक्के आर्द्रता कायम राखणे हे उद्दिष्ट होते. आल्फ्रेड वुल्फ यांनी न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या इमारतीसाठी आखलेली शीतन यंत्रणा जवळजवळ समकालीन आहे (इमारत १९०३ मध्ये खुली झाली) व तिच्यातही ओलावा घटविण्याचा हेतू होता. आराखड्याचा दिवस धरायचा की यंत्र चालू झाल्याचा, यावर निवाडा बदलतो. कॅरियर यांचे श्रेष्ठत्व तारखेपेक्षा १९११ मध्ये त्यांनी अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडलेल्या आर्द्रतामितीच्या सूत्रांवर टेकविणे अधिक सयुक्तिक होय. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दप्रयोग स्ट्युअर्ट क्रेमर यांनी १९०६ मध्ये केला, तो कापडगिरण्यांसंदर्भात. तेथे धागा तुटू नये म्हणून हवेत ओलावा घालावा लागे! मुंबईच्या गिरण्यांतील साचाखात्याची (विणकाम विभागाची) गरजही तीच होती.

पावसाळ्यात ३०° से. तापमान व ८० टक्के आर्द्रता असलेल्या हवेच्या दर घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते आणि तिचा दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते तो) २६° से.च्या आसपास येतो. वातानुकूलन यंत्रातील शीत नळ्या याहून बऱ्याच थंड असल्याने बाष्प त्यांवर ठिबकते व पाणी नळीने बाहेर जाते. खोलीच्या मानाने मोठे यंत्र घेतल्यास खोली लवकर थंड होऊन यंत्र थांबते आणि ओलावा मागे राहतो. त्यातच पंखा चालू राहिला, तर नळ्यांवरचे पाणी बाष्प होऊन पुन्हा खोलीत येते. ‘ड्राय’ स्थितीत पंखा मंद ठेवून हे काही अंशी टाळतात. तापमान फार खाली नेण्याचा उलट परिणामही होतो : २०° से.पर्यंत गार केलेल्या खोलीची सामाईक भिंत २६° से.खाली उतरली, की शेजारच्या उघड्या खोलीच्या बाजूने तिला घाम फुटतो व बुरशी तिकडे धरते. भारतात १ जानेवारी २०२० पासून खोलीच्या वातानुकूलकांचे मूळ तापमान (निर्मात्याने आधीच लावून दिलेले, वापरणाऱ्याला बदलता येणारे) २४° से. ठेवणे बंधनकारक झाले. त्यामागील हेतू वीजबचतीचा होता, बुरशीचा नव्हे.

बंद कपाटात खोलीची हवा खेळत नाही, म्हणून तेथे सिलिका जेल अथवा कॅल्शियम क्लोराइड वापरतात. सिलिका जेल तापवून पुन्हा वापरता येते. डांबरगोळ्या कसरीसारख्या किडींसाठी असतात. दमटपणा त्यांनी कमी होत नाही.

कोकण व गोव्यात आगोटीच्या (पावसाळ्याच्या आरंभाच्या) सुमारास पावसाच्या माऱ्याच्या बाजूला झावळ्यांच्या झडी (आडोसे) बांधीत. चुलीच्या उबेनेही घरातील सापेक्ष आर्द्रता उतरत असावी. भिंतीला ताज्या चुन्याची सफेदी दिल्यास तिच्या अल्कतेमुळे बुरशी धरत नाही. चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतो तसा हा गुण ओसरतो.